उदगीरचा एकुलता एक गोल

मित्रांनो, उदगीरच्या एका गोठ्यात खुंटीला टांगलेलं मी एक जुनं जाळं आहे. मासे धरायचं नव्हे हं! मी वैरण वाहायचं जाळं. ग्यानोबा नावाच्या शेतकऱ्याने रानातल्या अंबाडीचा वाख काढून, दोर वळून मला विणलं. अशी वीण सबंध शिवारात नाही, असं लोक म्हणत आणि मी ते लगेच खरं मानत असे.

कडब्याचं ओझं वाहायचं आणि बैलांची पोटं भरायची, एवढंच माझं जग. पण निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत गावात नवल घडलं. गुरुबसप्पा नावाच्या आडत्याला फुटबॉलचं भलतंच वेड होतं. त्याने देशोदेशीच्या संघांना सामन्यांची आमंत्रणं धाडली, आणि काय सांगू, संघ खरंच आले! सिकंदराबादच्या छावणीतले गोरे, सिलोनचे, रंगूनचे खेळाडू आगगाडीतून उतरले, तेव्हा स्टेशनावर जत्रा लोटली. यजमान म्हणून उदगीरचाही संघ उभा राहिला. त्यात ग्यानोबाचा धाकटा भाऊ शेषेराव होता. तो अनवाणी खेळायचा, पण कुणाच्या हाती लागायचा नाही.

सगळी तयारी झाली, पण गोलाला लावायच्या जाळ्या हैदराबादहून आल्याच नाहीत. गुरुबसप्पा ग्यानोबाकडे धावला आणि मी व माझ्यासोबतच विणलेलं दुसरं जाळं, माझं जुळं भावंड, मैदानावर जायला निघालो. तेव्हा ग्यानोबाची बायको तारामती हिने माझ्याकडे बोट दाखवलं. उंदराने दोर कुरतडून मला भोक पाडलं होतं.

"अवो, हे सांधून तरी न्या," ती म्हणाली.

"एवढंसं तर हाय. उद्या सांधतो."

ग्यानोबाचा उद्या कधी उजाडतो, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

उदगीरचा संघ प्रत्येक सामना हरला. हरण्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. पाहुणे पट्टीचे खेळाडू होते. पण एकही गोल होईना, हे गावाला लागलं. एक तरी गोल व्हावा आणि पाहुण्यांपुढे मान वर राहावी, एवढंच सगळ्यांना वाटत होतं. शेवटचा सामना रंगूनशी होता. तो संपत आला आणि शेषेरावाने धूळ उडवत असा चेंडू हाणला, की गोलकीपरचे हात वर जाईपर्यंत तो खांबांमधून आत आला. त्याला कवेत घ्यायला मी आसुसलं होतं. आणि मित्रांनो, तो नेमका माझ्या, एव्हाना फाटत मोठ्या झालेल्या, भोकातून बाहेर पडला!

धुळीत पंचांना काही दिसलं नव्हतं. चेंडू माझ्यामागे पडलेला पाहून तो खांबाबाहेरून गेला, असा निवाडा त्यांनी दिला. शेषेराव मटकन खाली बसला. ग्यानोबाला वर बघवेना. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रंगूनचा गोलकीपर माझ्यापाशी आला. त्याची भाषा गावात कुणाला कळत नव्हती. त्याने पंचांना खुणेने बोलावलं, माझं भोक दोन्ही हातांनी फाकवलं, त्यातून आपलं डोकं बाहेर काढलं आणि हसत हसत चेंडूकडे बोट केलं. पंचही हसले. त्यांनी शिट्टी फुंकून गोल दिला. गावाने शेषेरावाच्या आधी त्या गोलकीपरलाच खांद्यावर घेतलं, आणि गुरुबसप्पाने मैदानावरच साखर वाटली.

घरी आल्यावर ग्यानोबा म्हणाला, "हे भोक असू दे आता. गोलाची याद हाय."

"याद डोक्यात ठेवा. वैरण सांडून राहिली," असं म्हणत तारामती दोर घेऊन बसली. शेषेरावाने आपल्या सदऱ्याची लाल चिंधी फाडून दिली, ती तिने गाठीत आवळून बांधली. आज ती विटली आहे, पण सुटलेली नाही.

आता वैरण ट्रॅक्टरने येते. मला कुणी हात लावत नाही. उंदीर मात्र मला विसरलेले नाहीत. म्हणून सांगतं मित्रांनो, भोक लहान असतं तेव्हाच सांधा. प्रत्येक भोकापुढे खरं सांगणारा गोलकीपर उभा नसतो.