टायरातला संसार

सव्वीस वर्षं मी एकच गोष्ट घसा फोडून सांगत आले: नदीतला कचरा काढा. अहवाल दिले, बैठकांमध्ये भांडले. पालिकेच्या आमच्या ऑफिसात कुणी ढिम्म हललं नाही. पुलावरून पिशव्या भिरकावणाऱ्यांना एखाद्यानं हटकावं, तर तेही नाही.

आणि या वर्षी, नेमकं याच वर्षी, भलतंच समोर आलं. ज्या बोटभर माशाच्या अभ्यासापायी नदीत उभं राहून माझे गुडघे गेले, तो दगडाखाली अंडी घालतो. दगड बांधकामवाल्यांनी कधीच उपसून नेले. मग या शहाण्यानं लोकांनी फेकलेल्या टायरांत संसार मांडला. मी स्वतः पाण्यात वाकून, बॅटरी मारून पाहिलं. टायरांना आतून मोहरीएवढी अंडी चिकटलेली, आणि प्रत्येकात पहाऱ्याला बाप. अख्ख्या नदीत दुसरीकडे एक अंडं नाही.

तशीच ऑफिसात गेले. सफाई तीन आठवडे थांबवा, पिल्लं सुटली की टायर मीच काढून देते, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी माझाच जुना अहवाल पुढे सरकवला. 'सर्व टायर त्वरित काढावेत', खाली माझी सही. नक्की काय ते एकदा ठरवा मॅडम, असं वर ऐकवलं. डोक्यात तिडीक गेली, पण बोलणार कुणाला? सोमवारी बघू, म्हणाले.

शनिवारी सकाळीच सफाईच्या मुकादमाचा फोन आला. हा बिचारा वीस वर्षं माझी बोलणी खात आलाय. पुलाखाली या, म्हणाला, आवाजात नुसता आनंद. गेले तर काठावर टायरांची ही रांग, आणि त्याची माणसं सुट्टीच्या दिवशी चिखलानं बरबटून उभी.

"पुढच्या आठवड्यात तुम्ही रिटायर होताय ना, ताई," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा तरी तुमच्या मनासारखं करून द्यावं."

आता या माणसाला काय बोलायचं, सांगा मला. रडावं की त्याचं डोकं फोडावं, तेच कळेना.

पहिल्या टायरात हात घातला. तळाशी ओंजळभर पाणी साचलं होतं, अंडी अजून ओली होती. बाप त्या पाण्यात कलंडला होता, तरी अंड्यांना शेपटीनं वारा घालतच होता.

"परत पाण्यात ठेवा सगळे," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. आणि कलंडू देऊ नका."

मुकादमाचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. हात धरून मी त्याला आत दाखवलं. त्यानं वाकून आत पाहिलं. मग काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं तसा त्यानं तो टायर उचलला आणि पाण्यात उतरला. मागोमाग मीही एक घेऊन उतरले.

पुलावर माणसं थांबली होती. त्यातले एक आजोबा कठड्यावरून वाकून म्हणाले, "अहो बाई, शिकल्या-सवरलेल्या दिसता. नदीत कचरा टाकताना लाज नाही वाटत?"

सव्वीस वर्षं मी या पुलावर हेच ऐकायला तरसले होते. शेवटी कुणीतरी बोललं, ते मला. मी मान खाली घातली आणि दुसरा टायर आणायला वळले.