शेवटच्या रांगेतला ढोल

अनुजाच्या प्रश्नांनी माझं डोकं उठतं. फणसवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांत अकरावी-बारावीची पोरं फिजिक्स शिकायला येतात. बाकीची गपगुमान सूत्रं उतरवतात आणि घरी जातात. ही बया मात्र विचारणार. उजेड पोकळीतूनही येतो, मग आवाजालाच हवा का लागते? लाट पुढे जाते, मग पाणी तिथल्या तिथे कसं? मी म्हणते, बाई गं, पेपरात विचारतात तेवढं लिही. पण ही ऐकेल तर शप्पथ.

त्या दिवशी तिने विचारलं, "बाई, आवाजाला साठ मीटर जायला किती वेळ लागतो?"

"सेकंदाचा सहावा भाग, जवळपास. का?"

तिचा चेहरा उतरलेला दिसला, तेव्हा मी पुस्तक मिटलं. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी ती ढोलपथकात शिरली होती. पथकाचा प्रमुख धनेश, माझाच जुना विद्यार्थी, सगळ्यांत पुढे ताशा वाजवतो. गल्ली अरुंद, म्हणून दोघादोघांची रांग लावतात आणि ती पार साठ मीटर लांब जाते. नवीन पोरं शेवटी, हा पथकाचा रिवाज. अनुजा अगदी टोकाला. आदल्या संध्याकाळी धनेशने तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं की तुझ्या हातात तालच नाही, तुझा ढोल मागून येतो, रविवारपर्यंत सुधारली नाहीस तर ढोल काढून घेईन, मग झेंडा धर. दरवर्षी नवीन पोरांपैकी दोघंतिघं अशी झेंड्यावर जातात.

"घरी उशीवर वाजवते तेव्हा चुकत नाही हो बाई. खरंच माझ्या हातात ताल नसेल का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सतरा वर्षांच्या पोरीला असलं काही चारचौघांत सांगायचं असतं का? मला धनेशचा असा राग आला म्हणून सांगू.

"कानाने वाजवू नकोस," मी म्हटलं. "ताशाचा आवाज तुझ्यापर्यंत उशिरा पोचतो. उजेडाला लागणारा वेळ नसल्यात जमा. थोडी कडेला सरक, धनेशच्या काड्या बघ आणि त्यावर वाजव."

दुसऱ्या दिवशी ती तणतणत आली. "तुमचं फिजिक्स चुकलं, बाई. धनेशदादा म्हणतात, सुधारलीस, पण अजून लेटच आहेस."

"मग तूच कुठेतरी चुकत असशील," मी म्हटलं.

ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. खडूने एक लांब रेघ ओढली आणि तिच्याकडे बघत बसली. मग वळून म्हणाली, "बाई, त्यांचा आवाज माझ्यापर्यंत यायला वेळ लागतो. मग माझा आवाज त्यांच्यापर्यंत जायला नाही का लागणार?"

एवढी वर्षं हा धडा शिकवतेय आणि मी फक्त अर्धा रस्ता मोजला होता. आधी तिला येतानाचा आणि जातानाचा, दोन्ही उशीर भोवत होते. काड्या बघून एक गेला. दुसरा तिच्या हातात नव्हताच. तिच्या जागी कोणीही उस्ताद उभा केला असता तरी पुढे धनेशला तो उशिराच ऐकू आला असता.

रविवारी मी स्वतः सरावाला गेले.

"बाई, तुम्ही इथे कशा?" धनेश म्हणाला.

"ताशा तुझ्या शेजारच्या हितेंद्रकडे दे. तू ढोल बांधून मागे अनुजाच्या जागी जा."

"बाई, पाडवा तोंडावर आलाय. टाइम नाहीये."

"लाटांच्या धड्यात तुला किती मार्क पडले होते ते सांगू का सगळ्यांना?"

पोरं खिदळली. धनेश मुकाट्याने मागे गेला. मी बाकीचे ढोल बंद ठेवायला सांगितले. हितेंद्र पुढे ताशा वाजवू लागला आणि मागे एकटा धनेश. थोड्या वेळाने हितेंद्र ओशाळून थांबला.

"दादा," तो ओरडला, "तुमचा ढोल लेट येतोय."

धनेशने पुन्हा वाजवलं. पुन्हा लेट. मग काड्यांवर नजर ठेवून वाजवलं. जरा सुधारला, पण लेटच. शेवटी कमरेचा ढोल सोडून तो पुढे चालत आला. अनुजाने त्याला सगळं नीट सांगितलं, येणारा आवाज, जाणारा आवाज. मी मध्ये तोंड घातलं नाही.

"मग करायचं काय?" त्याने विचारलं.

"ताशा रांगेच्या मधोमध घ्या. दोन्ही टोकांना अंतर निम्मं होईल. आणि सगळ्यांनी काड्या बघून वाजवायचं."

त्याने ताशा मध्ये नेला. मग तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ढोल बांध. तुझा हात बरोबर होता."

अनुजा जागची हलली नाही. "माझ्या हातात ताल नाही हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतंत, दादा."

धनेशने माझ्याकडे बघितलं. मी कसली मदत करते. मग तो रांगेकडे वळला आणि टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "अनुजाचा हात बरोबर होता. चूक माझी."

पुढे झेंडा धरून ऋता उभी होती. गेल्या पाडव्याला तिच्याकडून ढोल काढून घेतला होता. तिने झेंडा भिंतीला टेकवून ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "आणि माझा?"