शेवंतामावशीची बिनधुराची चूल

ज्वारीच्या पिठावर पडणाऱ्या तिच्या तळव्याचा नाद संथ असे, आणि दर तीन-चार थापांनंतर खोकला येई. त्या विरामात देवणीकडच्या त्या खेड्यातली दुष्काळी सकाळ क्षणभर थबकल्यासारखी वाटे. शेवंतामावशीच्या डोळ्यांत सदैव करडं पाणी साचलेलं. खडी फोडायला जाण्याआधी तुराट्यांच्या धुरात बसायचं, आणि आल्यावर पुन्हा तेच.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी 'धूर हटवा, बाई वाचवा' असली पत्रकं वाटत गावोगाव हिंडत होते. बिनधुराची चूल बांधून घ्यायला गावात पहिली तयार झाली ती हीच. सरकारी साच्यावर चूल घडवली, नळकांडं छपराबाहेर गेलं, धूर निमूट आभाळाच्या वाटेला लागला, आणि डोळे न चोळता ती जाळाकडे पाहत राहिली. ते पाहणं मला माझ्या साऱ्या घोषणांहून मोठं वाटलं.

महिन्यानं गेले, तर चुलीचं तोंड पहारीनं फोडून रुंद केलेलं आणि घर पुन्हा धुरानं कोंदलेलं. मी भडकले. डोळे जातील तुमचे, असं सरळ तोंडावर बोलले. तिनं तव्यावरची भाकरी उचलली, चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी टेकवली. ती टम्म फुगली. आमच्या साच्याच्या अरुंद तोंडात ती मावतच नव्हती.

"धूर माझ्या एकलीला लागतो, ताई. कच्ची भाकर समद्या घराला लागती. साचा करताना कुनी भाकर भाजून बघितली का?"

कुणीच नाही. साचा ठरवणारे सगळे आयती भाकरी खाणारे पुरुष. आणि मी, भाकरी न येणारी, त्यांचीच पत्रकं वाटत होते.

रुंद तोंडाच्या साच्यासाठी अर्ज केला. जुन्या जिल्ह्यानं तो नव्याकडे धाडला. नव्याकडे अजून टेबलंसुद्धा आली नव्हती. पळसाचे दोन बहर झडून गेले. साचा हाती आला तशी एस्टीनं गाव गाठलं, चूल नव्यानं बांधली, पेटवली. घरात धुराची रेघही नव्हती. मावशीनं जाळाच्या उबेकडे चेहरा वळवला आणि हळूच विचारलं, "पेटली का, ताई?"

काळ सगळं भरून काढतो म्हणतात. मला तो आमच्या कागदांवरून रेंगाळत चाललेलाच दिसला, आणि तेवढ्या अवधीत एका बाईपाशी जाळाच्या रंगाची निव्वळ आठवण उरली.