हातात द्यायची किल्ली

"किल्ली सेत्तिमिओच्या हातातच दे. आणि मागच्या दाराने जा," असं नीवेसने कॉफी पुढे सरकवताना बजावलं होतं. मारिलेनाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गावातली माणसं शहरातून आलेल्यांना काही ना काही बजावतच असतात. शिवाय तिचं सगळं लक्ष तीन वर्षांच्या आन्येसेच्या गळ्यातल्या रुमालाकडे होतं. तो सारखा सुटत होता.

इटलीच्या मुक्तिदिनाची, एप्रिलच्या पंचवीस तारखेची सुट्टी त्या वर्षी शुक्रवारी आली, म्हणून मारिलेना आणि तिचा नवरा इवानो लेकीला घेऊन तेर्नी शहरातून डोंगरात आले होते. नीवेसच्या कॉफीच्या दुकानावरच्या खोलीत उतरले होते. शनिवारी ओकच्या रानातली जुनी चित्रं असलेली छोटी देवळी बघायची ठरली. तिची किल्ली पायवाटेच्या तोंडाशी राहणाऱ्या सेत्तिमिओकडे असते. तो विधुर, एकटा. वाल खुरपता खुरपता उठून त्याने लोखंडी किल्ली कुंपणावरून दिली आणि तिघांवरून नजर फिरवली.

"तिघं वर चाललात?"

"हो काका."

"मग तिघं खाली या."

वाटेत इवानो रानातला शतावरीचा कोंब दिसला की झुडपात शिरायचा आणि मारिलेना "साप बघ" म्हणायची. देवळीच्या भिंतीवर बाळ येशूला पाजणारी मारिया होती. तिच्या पायाशी गिलावा खरवडून खरवडून खळगा पडला होता. बाळंतिणी पूर्वी तिथली चिमूटभर माती पाण्यातून घ्यायच्या, दूध यावं म्हणून.

"तुझ्यासारखीच आहे," इवानो म्हणाला. "पोर पितंय आणि हिचं लक्ष दाराकडे."

"कुणीतरी बघायला नको का?"

उतरताना वारा सुटला. आन्येसे घामेजून बापाच्या खांद्यावर झोपली होती. घाम अंगावर सुकला की ताप ठरलेला, हे मारिलेनाने आईच्या दुधाबरोबरच घेतलेलं. शेतात सेत्तिमिओ नव्हता. तिने समोरचं दार दोनदा वाजवलं.

"मागे बघू?" इवानोने विचारलं.

"मागे कोंबड्या आहेत. ही उठेल."

तिने किल्ली दाराच्या कडीला अडकवली आणि ते निघाले. त्या भागात घराचं समोरचं दार नवरीला आणि शवपेटीला उघडतं, एरवी नाही. मारिलेनाच्या आजोळीही तसंच होतं. तिला ते आठवलं नाही, एवढंच.

संध्याकाळी नीवेस शतावरीच्या ऑम्लेटच्या ताटल्या उचलायला आली. "काय म्हणाला सेत्तिमिओ?"

"भेटले नाहीत. दाराला अडकवली किल्ली."

"कुठल्या?"

"समोरच्या."

नीवेसने ताटल्या परत टेबलावर ठेवल्या. "समोर तो बघतही नाही. मग वर गेला असणार. किल्ली घरात आली नाही म्हणजे माणसं अजून वर. त्यातून तुमच्याबरोबर पोर."

"फोन करून बघू?"

"फोन कपाटात असतो, बाई."

नीवेस आन्येसेपाशी थांबली. ते दोघं विजेरी घेऊन निघाले, पण आभाळात अजून उजेड होता. सेत्तिमिओ देवळीच्या पायरीवर बसलेला सापडला. घोटा सुजलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. खालच्या घळीत उतरून शोधून आला होता.

"तुम्ही दोघं दिसलात," तो म्हणाला. "तिसरी?"

"झोपलीय, काका. नीवेसकडे."

"म्हाताऱ्याला असंच सांगतात."

"शप्पथ सांगतो," इवानो म्हणाला. "आता माझ्या खांद्याला धरा, पाय बघा तुमचा."

"पाय कुठे पळून जात नाही. आधी पोर दाखवा."

इवानोने हात जोडून पाहिले, रागावून पाहिलं. आन्येसेची नुकतीच अंघोळ झालेली, केस ओले, आणि रानात गारठा उतरायला लागलेला. मग मारिलेनाला वाटलं, त्याच्या जागी आपणही हललो नसतो. ती उतरायला लागली.

आन्येसेला तिने ब्लँकेटात गुंडाळून वर आणलं, टोपी न घालता. खोलीत टोपी शोधायला ती थांबलीच नाही. पोरीने डोळे किलकिले केले. "कोंबड्यांचे आजोबा," म्हणाली आणि पुन्हा झोपली.

सेत्तिमिओने ब्लँकेटाबाहेर आलेलं पाऊल चिमटीत धरलं. "तीन," तो म्हणाला आणि इवानोच्या खांद्यावर हात टाकून उठला.

आन्येसेला ताप आला नाही. सेत्तिमिओ डॉक्टरकडे गेला नाही. मारिलेना तेर्नीहून फोन लावते, तो कपाटात वाजत राहतो. नीवेस म्हणते, चालतो की चांगला. पण नीवेस सगळ्यांबद्दल असंच म्हणते. म्हणून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मारिलेना सांगते, तसं तुम्हालाही सांगते: "चित्रांची आवड नसली तरी किल्ली मागा. कितीजण आहात ते त्याला मोजू द्या. परत देताना मागच्या दाराने जा, त्याच्या हातात द्या, आणि तो टेबलापर्यंत जाताना कुठला पाय ओढतो ते बघा. बघून मला कळवा."