भंडाऱ्यातली गोळी

डाळजच्या माळावरचा बिरोबा वर्षातून एकदाच बोलायचा, आणि बोलायचा तो भिमाआबांच्या तोंडून. पाऊसपाणी कसं, रोगराई कुठं, ती भाकणूक ऐकायला मेंढरं कधीच विकून मोकळी झालेली माणसंही पार पिंपळीहून यायची. आबा जत्रेच्या त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेत नसत. दुपारी ढोल कडाडले की त्यांच्या पिंडऱ्या थरथरायला लागायच्या, छाती भात्यासारखी हलायची, आणि मग देव बोलायचा.

गेल्या वर्षी मात्र देव गेला तो आबांचं तोंड वाकडं करून. बारामतीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि कपाळाला हात लावला. पुन्हा असा ताण आला तर मेंदूतली शीर फुटेल, असं त्यांनी सुनेला बजावलं आणि रोज सकाळी घ्यायची गोळी दिली. पुढंही ते बरंच काही सांगत होते, पण धसक्यानं अनिताच्या डोक्यात त्यातलं निम्मंच शिरलं.

वर्षभर आबांनी गोळी मुकाट्यानं घेतली. जत्रेच्या सकाळी मात्र ते अडून बसले. त्या दिवशी देवाच्या भंडाऱ्याशिवाय तोंडात काही जाणार नाही, म्हणजे नाही.

अनिताचा जीव टांगणीला लागला. नवरा लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर, त्याला विचारायची सोय नव्हती. आणि आबा तिला बापाहून जवळचे. लग्नानंतर बारावीच्या परीक्षेला तिला सायकलवर बसवून भिगवणला नेलं ते आबांनीच, तेही सासूबाई महिनाभर धुसफुसत असताना. हा माणूस तिला गमवायचा नव्हता. सायन्स शिकलेल्या बाईला युक्ती सुचायला वेळ लागतोय होय? तिनं गोळी लाटण्यानं चुरली आणि हळदीच्या भंडाऱ्यात मिसळली. देव्हाऱ्यापुढं आबांनी जीभ पुढं केली, तशी तिनं चिमूट चिमूट करत तो सगळा आत घातला. यंदा भंडारा कडू लागतोय, एवढंच आबा म्हणाले. पापाची टोचणी लागली म्हणून तिनंही मग दिवसभर तोंडात काही घातलं नाही.

दुपारी म्हस्कूनं ढोलावर काठी टाकली. बाकीचे ढोल त्याला मिळाले, माळ दणाणला. आबा घोंगडीवर बसलेले, शांत. हात मांडीवर निवांत, पिंडऱ्या दगडासारख्या. लोक एकमेकांकडं बघायला लागले. अनिताला मात्र हायसं वाटलं, गोळी लागू पडली होती. वाजवून वाजवून म्हस्कूचे हात थकले आणि ढोल एकेक करत थांबले.

त्या शांततेत आबा बोलले. दरवर्षीसारखी आरोळी नाही, थरथर नाही. शेजारी बसून बोलावं तसा हलका आवाज, आणि तो आबांचा नव्हता.

"आलोय मी. दार कुणी लावलं?"

पुढं बसलेली माणसं मागं सरकली.

"आत अंधार हाय. म्हातारं उपाशी हाय आत."

अनितानं आबांकडं नीट बघितलं. ऐन थंडीत त्यांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. आणि डॉक्टरांचं राहिलेलं निम्मं तिला आत्ता ऐकू आलं. मेंदूला स्वतःची उपासमार कळते. रक्तातली साखर आटली की तो छाती धडधडवतो, हात थरथरवतो, माणसाला सावध करतो. ही गोळी ती धडधड, ती थरथर दाबून टाकते. म्हणून रिकाम्या पोटी द्यायची नाही. घाम मात्र दबत नाही, घामाकडं लक्ष ठेव.

नैवेद्याच्या ताटात गूळ होता. भाकणूक पुरी व्हायच्या आत उपास मोडल्याचं त्या माळावर कुणी ऐकलंही नव्हतं. अनितानं ढेकूळ उचललं. सासूनं, धोंडाबाईनं, तिचं मनगट धरलं.

"देवाला बाटवतीस व्हय गं?"

"देव कुठं जात न्हाय, आत्या. आबा चाललंत."

मनगट सोडवून तिनं गूळ पाण्यात भिजवला आणि आबांच्या गालात, हिरड्यांवर चोळत राहिली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग त्यांच्या नजरेत ओळख आली आणि त्यांनी आपल्याच आवाजात पाणी मागितलं. अनिताला रडू आवरेना.

पाणी पिऊन आबांनी विचारलं, भाकणूक झाली का. पण त्यांच्याकडं कुणी बघतच नव्हतं. सगळे अनिताच्या पायांकडं बघत होते.

तिच्या पिंडऱ्या थरथरत होत्या. छाती धडधडत होती. भूक आहे ही, तिनं स्वतःला समजावलं. सकाळपासून पोटात काही नाही, आणि आपण तर गोळीही घेतलेली नाही. उरलेला गूळ तिनं तोंडात टाकला, चावून गिळला आणि वाट बघितली. थरथर गुडघ्यांवर आली, मग कमरेवर. कुणी न सांगता म्हस्कूनं ढोल उचलला.

आबा घोंगडीवरून बाजूला सरकले. त्यांनी सुनेपुढं हात जोडले. त्यांना तसं बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात खाली घ्या आबा, असं तिला म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"भिमा," तिच्या तोंडून आलं, "दार सापडलं."