पाच हजार झाले की

आमचं हार्टनेल शहर होण्याआधीच ओरेस्ट पाव्ल्युकने शहराची पाटी करून घेतली होती. हिरवी, दोन माणसांनी उचलावी एवढी, वर पांढऱ्या अक्षरांत 'हार्टनेल शहर' आणि खाली लोकसंख्येसाठी कोरी जागा. अग्निशमन केंद्राच्या मागच्या भिंतीला ती ताडपत्रीत गुंडाळून उभी केलेली होती. तिच्याबद्दल कुणाला काही माहीत नाही असं ओरेस्टला वाटायचं आणि गावातल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या प्रांतात पाच हजार डोकी भरली की गावाला शहर होण्यासाठी अर्ज करता येतो. मागच्या जनगणनेत आम्ही चार हजार सहाशे बारा भरलो होतो. ओरेस्ट एकोणीस वर्षं नगराध्यक्ष होता आणि त्यातली निदान पंधरा वर्षं तो या आकड्यासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. शहर झालं की मोठी दुकानं येतील, पोटॅशच्या खाणीतले लोक रोज शंभर किलोमीटर गाडी हाणत यायचे थांबतील, इथेच घरं घेतील, आणि आपली बाहेर गेलेली पोरं परत येतील, हे तो कुणालाही, कुठेही थांबवून सांगायचा. त्याची स्वतःची मुलगी ट्रेसी शेजारच्या प्रांतात, कॅल्गरीला राहायची. ती परत येणार नव्हती हे त्याला सोडून सगळ्यांना कळलेलं होतं.

येणाऱ्या लोकांसाठी त्याने गावाच्या उत्तरेला एक वसाहतही आखून घेतली होती. आमच्याकडची जमीन ताटासारखी सपाट, आणि वसाहतीचं नाव 'प्रेअरी हाइट्स'. तिथे डांबरी रस्ते होते, दिवे होते, कोपऱ्याकोपऱ्यावर आगीच्या बंबासाठी लाल नळ होते. एकशे चाळीस प्लॉटवर घरं अकरा. बाकीच्या गवतात गोफरांनी, म्हणजे आमच्याकडच्या जमिनीतल्या खारींनी, बिळं केली होती. ओरेस्ट रविवारी चर्च सुटलं की तिथे एक फेरी मारायचा, गाडीची काच खाली करून, लग्नघरात मांडव बघत फिरणाऱ्या यजमानासारखा.

मी डोरीन. या गावच्या पोस्टात एकतीस वर्षं काउंटरमागे आहे. कोण कुठे राहतं, कोण कुणाकडे राहतं आणि कोण राहतो म्हणून सांगतो पण राहत नाही, हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं नगराध्यक्षाला नाही आणि पाद्र्याला तर नाहीच. म्हणूनच दर पाच वर्षांनी जनगणनावाले मला दोन महिन्यांसाठी संध्याकाळच्या कामाला घेतात. लोक आपापला फॉर्म भरून पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांच्या दारात मी जाते. त्याआधी शपथ घ्यावी लागते, की कुणाच्या फॉर्मवर काय आहे ते बाहेर बोलणार नाही. ती मी आजवर पाळली. आता सगळं उरकलं आहे आणि ज्याची गोष्ट त्यानेच सांगायला परवानगी दिली आहे, म्हणून बोलते.

त्या जनगणनेच्या सव्वा वर्ष आधी ओरेस्टची बायको मार्लीन माझ्या काउंटरवर आली होती. तिला तिची पत्रं कॅल्गरीला ट्रेसीच्या पत्त्यावर वळवायची होती. गावात सांगितलं गेलं होतं की ट्रेसीला दुसरं बाळ झालंय, मार्लीन थोडे दिवस मदतीला चाललीय. थोड्या दिवसांसाठी कुणी वर्षभराचा फॉर्म भरत नाही. मी काही विचारलं नाही, तर तिनेच सांगितलं.

"मी त्याला म्हटलं, चल. घर विकू, तिथे छोटं घेऊ. तर म्हणतो, पाच हजार झाले की येतो."

"मग?"

"मग काय! म्हटलं, तुझं गाव मोठं होऊ दे, मला नातवंडं मोठी होताना बघायचीत. ही जनगणना होईपर्यंत थांबते, डोरीन. पुढच्या जनगणनेपर्यंत नाही थांबणार. तेव्हा मी सत्तर पार केलेली असेन."

वर्ष संपल्यावर तिने फॉर्म पुन्हा एक वर्षासाठी वाढवला. तिच्या नावाच्या प्रत्येक पाकिटावर मी पिवळी चिकटपट्टी लावायची, नवा पत्ता. ओरेस्ट रोज दहा वाजता पोस्टातली त्याची टपालपेटी उघडायला यायचा. त्यात फक्त त्याचीच पत्रं असायची. तो ती चाळायचा आणि मला हवामानाबद्दल काहीतरी सांगायचा.

मे महिन्यातला दुसरा मंगळवार हा मोजणीचा दिवस. त्या वसंतात ओरेस्टने गावाला नुसतं भंडावून सोडलं. दुकानांच्या काचांवर कागद लावले, 'प्रत्येक डोकं मोजा'. बर्फावर दगड घसरवायच्या कर्लिंगच्या हॉलमध्ये, लायब्ररीत, शवागाराच्या दारावरसुद्धा एक होता, तो मी काढला. गरोदर बायका त्याला बघून रस्ता बदलू लागल्या, कारण तो पहिला प्रश्न तारखेचा विचारायचा. "मंगळवारच्या आत होऊ दे गं," असं तो दंतवैद्याच्या सुनेला खरोखरच म्हणाला.

"तुम्हीच सांगा ना त्याला, काका," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. "माझं तर तो ऐकत नाही."

मोजणीनंतर माझी दारोदार फिरती सुरू झाली. माझ्या यादीतलं एक घर रोवेनाचं होतं. ती वृद्धाश्रमात काम करते, मूळची फिलिपिन्सची. एका घरात ती, तिचा नवरा आणि ओळखीचे असे मिळून सातजण राहायचे, आणि फॉर्म कुणीच पाठवला नव्हता. तिने मला आत बसवलं, समोर भात आणि मासळी ठेवली, आणि मी खाल्ल्याशिवाय एका अक्षराचं उत्तर द्यायला तयार होईना.

"मॅडम, आम्ही कशाला? आम्ही तर कामाच्या परवान्यावर आलोय."

"परवान्यावर असाल नाहीतर पॅराशूटनं आला असाल. इथे झोपता ना?"

"झोपतो. पाळीपाळीनं."

"मग मोजले गेलात."

"सगळे? सातही?" ती हसायला लागली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तिच्या भाषेत ओरडली. आतून तीन झोपाळू माणसं बाहेर आली, आपल्याला मोजताहेत म्हणजे नक्की काय करताहेत ते बघायला. अशी मला गावात नऊ घरं सापडली. खाणीतले, वृद्धाश्रमातले, कोंबड्यांच्या कारखान्यातले. सगळ्यांची समजूत तीच, की मोजतात ते इथल्या लोकांना. माझ्या वहीत आकडे वाढत होते आणि शपथेमुळे मी कुणाला सांगू शकत नव्हते. पण मला बरं वाटत होतं. शहर झालं काय नि न झालं काय, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या पिवळ्या चिकटपट्ट्या लावून मात्र माझा जीव विटला होता. पाच हजार होऊ देत आणि हा माणूस एकदाचा बायकोकडे जाऊ दे, एवढंच मला हवं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या यादीत एकच घर उरलं. पत्ता वाचून मी यादी उलटीसुलटी करून पाहिली. फर्स्ट अव्हेन्यू, एकशे सात. गावभर कागद चिकटवत हिंडणाऱ्या ओरेस्ट पाव्ल्युकने स्वतःचाच फॉर्म भरला नव्हता.

मी संध्याकाळी गेले. ओरेस्ट स्वयंपाकघरात पेरोगी उकळत होता. बटाट्याचं सारण भरलेल्या या करंज्या मार्लीन पाण्यावर तरंगल्या की लगेच काढायची. याने त्यांचा पार लगदा केला होता.

"बस," तो म्हणाला. "मला माहीत होतं तू येणार."

"मग भरायचास ना फॉर्म. नगराध्यक्ष यादीत! लोकांना कळलं तर हसून मरतील."

"तुला शपथ आहे. कळणार नाही."

टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडाच होता. पहिल्याच प्रश्नाशी घोडं अडलं होतं. या घरात एकूण किती माणसं राहतात? चौकट रिकामी होती.

"मी रोज रात्री उघडतो," तो म्हणाला. "दोन लिहितो. मग खोडतो."

मी पेरोगीखालचा गॅस बंद केला.

"समज, मी दोन लिहिले. तर?"

"तर मी दोन घेऊन जाईन. मी लिहून घेणारी बाई, ओरेस्ट, पोलीस नाही. पण ट्रेसीनेही तिला लिहिलं असेल."

"कॅल्गरीला तिची काय गरज आहे?" त्याचा आवाज एकदम चढला. "तेरा लाख आहेत तिथे! एक कमी पडली तर कळणारसुद्धा नाही त्यांना. इथे एकेका डोक्यासाठी मी दारं ठोठावतोय. आणि तिच्यासाठीच ना हे? पाच हजार झाले की मी मोकळा. मग एका डोक्यासाठी अडलं तर? तिच्याकडे जायला तिचंच डोकं कमी पडलं, असं नको व्हायला."

"मग लिही दोन."

तो खुर्चीत बसला. मला त्याचा राग आला होता, खरंच आला होता. एकोणीस वर्षं याने गावाच्या डोक्यांचा ध्यास घेतला आणि स्वतःच्या घरातलं एक डोकं दारातून बाहेर गेलं ते याला दिसलं नाही. आणि त्याच वेळी त्याची कीवही येत होती, कारण त्याला ते दिसलेलं होतं. म्हणून तर चौकट रिकामी होती.

"तिची पत्रं कुठे जातात ते तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"मला सगळ्यांचं माहीत आहे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. मला हवामान सांगत बसायचास."

त्यावर तो थोडा हसला. मग लॅपटॉप जवळ ओढला आणि चौकटीत एक लिहिला. पुढचे प्रश्न त्याने भराभर सोडवले. वय एकाहत्तर. विवाहित. तिथे त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्याने बटण दाबलं. मग आम्ही दोघांनी तो पेरोगींचा लगदा सायीच्या दह्यासोबत खाल्ला. चांगला नव्हता.

आकडे फेब्रुवारीत जाहीर होतात. त्या दिवशी बाहेर उणे चौतीस होतं. सकाळी सातपासून कर्लिंगच्या कँटीनमध्ये पन्नासएक माणसं जमली होती. कुणीतरी केक आणला होता आणि अग्निशमनवाल्यांनी ताडपत्रीसकट पाटी आणून दारात उभी केली होती, म्हणजे गुपित तिथेच संपलं. साडेसातला गावच्या लिपिकाने आकडा वाचला.

चार हजार नऊशे एकसष्ट.

मागच्यापेक्षा साडेतीनशेच्या आसपास वाढले होते, खाण आली तेव्हापासून एवढे कधी वाढले नव्हते, पण त्या कँटीनमध्ये सगळ्यांना एकच दिसत होतं, एकोणचाळीस कमी. दंतवैद्याची सून बाळ मांडीवर घेऊन बसली होती. ते मोजणीनंतर दोन दिवसांनी जन्मलं होतं. ती अपराध्यासारखी बाळाकडे बघत राहिली. ओरेस्ट उठला, त्याने सगळ्यांचे आभार मानले आणि केक कापला. कापताना प्रत्येकाला विचारत होता, कोपऱ्याचा हवा की मधला. आता हा आणखी पाच वर्षं थांबणार आणि मी त्या चिकटपट्ट्या लावत बसणार, असंच मला वाटलं.

दहा दिवस तो पोस्टात आला नाही. अकराव्या दिवशी आला तेव्हा माझ्यासमोर रांग होती. तो गुमान रांगेत उभा राहिला. पुढे आला आणि म्हणाला, "तो फॉर्म दे."

"कुठला?"

"पत्ता बदलाचा."

मी फॉर्म दिला. त्याने काउंटरवरच भरला, ठळक अक्षरांत, ट्रेसीच्या पत्त्यासकट. राजीनामा सकाळीच देऊन आला होता. घर रोवेना आणि तिचा नवरा घेणार होते, त्यांची दोन मुलं उन्हाळ्यात फिलिपिन्सहून येणार होती.

"अन् पाटी?" मी विचारलं.

"असू दे तिथेच. आकड्याची जागा कोरी आहे. कधीही भरता येईल."

"मार्लीनला सांगितलंस?"

"आकडा लागला त्याच दिवशी फोन केला. खरं सांगू का, डोरीन, मी वेळ मागणार होतो. शब्द तयार ठेवले होते, की एवढंच राहिलंय, अजून थोडं थांब." त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली. "तिने विचारलं, किती कमी पडले? म्हटलं, एकोणचाळीस."

"मग?"

"म्हणाली, तू निघालास की चाळीस. ये."

मी फॉर्मवर शिक्का मारला. आधी मला हसू आलं, मग तिथेच काउंटरवर, मागे रांग उभी असताना, रडू आलं. पुढची बाई पार्सल घेऊन थांबली होती. ओरेस्टने बाजूला होऊन तिला जागा करून दिली.