गुन्हा कुणापाशी?

अणदूरच्या शरणप्पाने स्वतःच्या बांधावरची शिंदी तोडली आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. बांध त्याचा, माती त्याची, पण शिंदीचं झाड निजाम सरकारचं. शिंदीच्या दारूवर सरकारचा गल्ला भरायचा. त्या साली सरकारला डिवचायला गावोगाव लोक शिंद्या तोडत होते. शरणप्पाला कुणी भरीस घालायचीही गरज नव्हती, तो जन्माचाच हेकट.

इकडे जोंधळ्याची पेरणी तोंडावर आलेली आणि घरात दुसरा गडी नाही. सासू शांतम्मा शरणप्पाच्या बायकोला, रुद्रम्माला म्हणाली, "पाया पड, काय बी कर, पर माझ्या लेकाला घेऊन ये."

तालुक्याच्या कचेरीतला तहसीलदार माणूस वाईट नव्हता. तो उर्दूत बोले, त्याचा कारकून, पेशकार, मराठीत सांगे. "गुन्हा झाला म्हण, शरणप्पा. साहेब सोडतात."

"तोडली म्याच. पर गुन्हा न्हाय."

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. रुद्रम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढं काय सोनं लागलंय त्या शब्दाला? गावात बैल सुटून कुणाच्या पिकात शिरला, की बैलवाल्याच्या घरची बाई पीकवाल्याच्या दारात पदर पसरून म्हणे, "गुन्हा झाला, पोटात घाला." समोरची पदरात गुळाचा खडा टाकी आणि विषय मिटे. रुद्रम्माने हे किती दारांत केलं असेल; बैलही धन्याच्याच वळणाचा होता.

"साहेब, त्यांच्या बदली म्या म्हणते," ती पुढं झाली. पेशकाराने साहेबाला विचारलं. तहसीलदाराने होकारार्थी मान हलवली.

तिने पदर पसरला आणि सवयीने समोर पाहिलं. समोर टेबल होतं, मागे परका माणूस.

"नुकसान कुणाचं झालं? त्याच्या म्होरं म्हणावं लागतं."

"सरकारचं."

"सरकारच्या कुठल्या पिकात शिरलो आमी?"

पेशकार वैतागला. "म्हणायचं तर म्हण, बाई. लोक खोळंबलेत."

तिला म्हणायचंच होतं. नवरा हवा होता, पेरणी व्हायला हवी होती. पण शब्द ओठांशी येऊन अडला. इथं खोटा म्हटला, तर उद्या शेजारणीच्या दारात कुठल्या तोंडाने म्हणायचा?

"न्हाय म्हणता येत, साहेब."

तहसीलदाराने सजा लिहिली आणि पुढचं नाव पुकारायला लावलं. नेताना शरणप्पा तिच्याकडे बघून हसला. त्याच्या त्या हसण्याचा तिला भयंकर राग आला, आणि वाटभर ती रडली.

शांतम्मा उंबऱ्यात वाट बघत होती. "कुठाय माझा लेक?"

"सुटले असते, आत्याबाई," रुद्रम्मा म्हणाली. "म्या सोडवलं न्हाय."